होडीला ब्रेक नसतो

होडी आणायला निघायच्या दिवशी सकाळी मास्तर गाडीत बसले, पट्टा लावला आणि वाट बघू लागले. मागच्या सीटवर त्यांची बायको बसली, तीही वाट बघू लागली. दोन मिनिटं गेली. गाडी काही हलली नाही.

"कुणी यायचंय का अजून?" बायकोने विचारलं.

तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की गाडी चालवायला कुणी बसलेलंच नाही. सव्वीस वर्षांच्या सवयीने ते चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते, आणि तिथल्या दुसऱ्या ब्रेकवर पाय टेकवून, स्टिअरिंगमागे कुणीतरी घाबरलेलं माणूस येण्याची वाट बघत होते.

"काही नाही, जरा विचार करत होतो," असं म्हणून ते उतरले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. बायको या गाडीत कायम मागेच बसत आली होती. पुढच्या दोन सीटा धंद्याच्या, असा घरातला कायदा होता. मास्तरांनी तिला शिकवायला एकदाच घेतलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात. तो तास सतराव्या मिनिटाला संपला, नंतर चार दिवस दोघांत अबोला होता, आणि त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. तीन हजारांवर माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. शाळेचं ऑफिस, पोस्ट, दवाखान्याचा चढ, गोल चौक आणि परत ऑफिस, असा चार किलोमीटरचा त्यांचा फेरा ठरलेला. या फेऱ्यात ते एकंदर इतके हिंडले होते की सरळ रेषेत निघाले असते तर पृथ्वीला आठ-दहा प्रदक्षिणा घालून जेवायला घरी आले असते. पण स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. मास्तरांच्या वाट्याला फक्त एक ब्रेक आणि चार वाक्यं. "आरसा बघा. तोंड बघायला नसतो तो." "हात सैल. स्टिअरिंग आहे, पळून जाणार नाही." "घाई कुणाला आहे? मला नाही, गाडीला नाही." आणि चौथं सगळ्यात कामाचं. शिकणाऱ्याला न सांगता मास्तर आपला ब्रेक दाबत, गाडी आचका देऊन थांबे, तो बिचारा चमकून बघे, आणि मास्तर सरळ समोर बघत म्हणत, "मी नाही दाबला. गाडीलाच तुमची भीती वाटली."

अशा माणसाला पंचावन्नाव्या वर्षी होडी का घ्यावीशी वाटावी, हे त्यांच्या साडूंना कळलं नव्हतं. "होडी? तुम्ही?" असं साडू फोनवर म्हणाले होते, आणि मग इतका वेळ हसले होते की मास्तरांनी दरम्यान चहा पिऊन घेतला. मास्तरांना स्वतःला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. जुनी शिडाची होडी, ट्रेलरसकट विकणे आहे, अशी चार ओळींची जाहिरात त्यांनी वाचली, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की होडीला ब्रेक नसतो. एकही नाही. दुसरा तर नाहीच. आयुष्यात एक तरी वाहन असं असावं ज्यात कुणी शिकत नाहीये. पुढच्या रविवारी साडू, साडूंची बायको आणि त्यांचं कुत्रं यांना मोठ्या तळ्यावर जलविहाराला येण्याचं निमंत्रणही ते देऊन बसले होते. गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा कालच बसवून घेतला होता, आणि काल संध्याकाळपासून त्याला तीनदा पुसला होता.

होडी विकणाऱ्या बाई दात बनवत. म्हणजे दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत आणि त्यावरून या घरी बसून कवळ्या करत. एका अरुंद गल्लीच्या टोकाला घर, घराच्या बाजूने मागे जाणारी बोळकांडी, आणि बोळकांडीच्या कडेला त्यांची कामाची खोली. खोलीच्या खिडकीत प्लास्टरचे जबडे वाळत ठेवले होते. वीस-बावीस असतील. सगळे बोळकांडीकडे तोंड करून हसत होते.

बाईंनी दार उघडलं, मास्तरांकडे पाहिलं, मग गाडीच्या टपावरच्या पाटीकडे पाहिलं. 'शिकाऊ चालक' अशी ती तांबडी पाटी काढायची मास्तर विसरले होते.

"तुम्ही होय," बाई म्हणाल्या.

"हो, मीच. कालचा फोन."

"फोनवर आवाज ओळखीचा वाटला."

मास्तरांना बाईंचा चेहरा मुळीच ओळखीचा वाटला नाही. साधारण पंचेचाळिशीच्या, हाताला प्लास्टरची पांढरी भुकटी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघण्याची लकब. मास्तरांनी तोंड मिटून स्मित केलं.

मागच्या अंगणात होडी उभी होती. चौदा फुटांची, एके काळी निळी, आता बऱ्याच ठिकाणी नुसतीच एके काळची. शेजारी खुर्चीवर बाईंचे यजमान शेंगा फोडत बसले होते. ते लगेच उठले आणि प्रेमाने सगळं दाखवायला लागले. ही डोलकाठी, ही आडवी करून बांधता येते. हे शीड, एका कोपऱ्याला ठिगळ आहे पण ठिगळ शिडापेक्षा मजबूत आहे. हे सुकाणू, आणि हा त्याचा दांडा.

"दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते," यजमान म्हणाले.

"म्हणजे काहीतरी बिघडलंय," मास्तर म्हणाले.

"नाही, नाही. तसंच असतं."

"सगळ्या होड्यांत?"

"सगळ्या होड्यांत. आणि वारा समोरून असला तर सरळ जायचंच नाही. तिरकं जायचं, मग उलटं तिरकं जायचं. असं करत पोचतो आपण."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको दांडा हातात धरून इकडेतिकडे हलवून बघत होती आणि तिला त्यात काही विचित्र वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

"आणि मागे-पुढे बघायला आरसे?" मास्तरांनी विचारलं.

"वळून बघायचं," यजमान म्हणाले. "मान आहे की."

होडी मास्तरांना आवडली. का आवडली ते सांगता येत नव्हतं. जाहिरातीतली किंमतही इतकी कमी होती की घासाघीस करायला लाज वाटावी. "ठरलं तर मग," ते म्हणाले. "जोडून देता का मागे? दुपारपर्यंत घरी पोचतो."

"जोडते," बाई म्हणाल्या. "एक अट आहे. फोनवर सांगितली नव्हती, सांगितली की लोक येत नाहीत. ही होडी जो या अंगणातून स्वतः बाहेर काढील, त्यालाच मी विकते."

मास्तर हसले. सव्वीस वर्षांत इतकी सोपी अट त्यांना कुणी घातली नव्हती. मग त्यांनी नीट बघितलं. होडीचं नाक आतल्या भिंतीकडे होतं. होडीच्या शेजारून मोटार आत जाऊन तिच्या नाकाशी उभी राहू शकत होती, पण एकदा दोन्ही जोडल्या की वळायला जागा नव्हती. म्हणजे होडी पुढे, मोटार मागे, अशी सगळी वरात उलट्या पावली बोळकांडीतून काढायची. मध्ये पाण्याच्या टाकीपाशी एक वळण. मग फाटक.

"मग आपण ट्रेलर सोडून हातानेच ढकलत नेऊ या ना," बायको म्हणाली. "चार माणसं आहोत."

"इथे ढकलता येईल," बाई म्हणाल्या. "तळ्यावर काय कराल? तिथे उतारावरून होडी अशीच मागे मागे पाण्यात न्यायची असते. मागच्या महिन्यात एकांना मी आपली दया येऊन अशीच दिली. होडी पाण्यात गेली, मागोमाग मोटारही गेली. मोटार घेऊन गेले ते, होडी परत करून गेले. गाडीला अजून शेवाळ्याचा वास येतो म्हणतात. त्यानंतर तीन गिऱ्हाइकं आली. तिघंही या टाकीपासून परत गेली."

"ते तिघं मोटार शिकवत नसतील," मास्तर म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्यात तेवढं एक बरं होतं."

यात काहीतरी टोचणारं होतं, पण काय ते मास्तरांना कळेना. त्यांनी मोटार आत घेतली, बाईंनी ट्रेलरचं तोंड गोळ्यावर बसवलं, साखळी अडकवली, आणि मास्तर स्टिअरिंगमागे बसले. दोन्ही हात, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे असतात तसे. तीन हजार माणसांना त्यांनी हात तसेच ठेवायला लावले होते.

होडी उजवीकडे न्यायची होती. मास्तरांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. होडी डावीकडे गेली.

मास्तर थांबले. कदाचित आपण डावीकडे फिरवलं असेल. पुन्हा उजवीकडे फिरवलं. होडी आणखी डावीकडे गेली आणि मोटारीशी काटकोन करून, एखाद्या रुसलेल्या नातेवाइकासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"पुढे घ्या, परत सरळ करा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी ठरवलं की आपल्याला जे बरोबर वाटतं त्याच्या उलट करायचं. हे साधारण दोन मीटर चाललं. मग उलट करायची सवय झाली, त्यामुळे उलट हेच बरोबर वाटायला लागलं, आणि आता त्याच्या उलट करायचं की नाही हे ठरेपर्यंत होडी टाकीला जाऊन टेकली. तिसऱ्या खेपेला ते मनाशी काही न ठरवता गेले. टाकीच गाठली. चौथ्या खेपेला यजमान मदतीला आले. "डावीकडे, डावीकडे! होडीचं डावीकडे म्हणतोय मी, तुमचं नाही!"

"तुम्ही बसा हो शेंगा खात," बाई म्हणाल्या. "मास्तर, आरसा बघा. तोंड बघायला नसतो तो."

मास्तरांनी आरसा बघितला. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. वाक्य मोठं खोचक होतं. कुणाचं बरं?

"हात सैल सोडा. स्टिअरिंग आहे, पळून जाणार नाही."

हेसुद्धा ऐकलेलं. मास्तरांना घाम फुटला. आपल्या लहानपणी कुणी शिक्षक असं बोलायचे का? की रेडिओवर? मागून बारीक आवाज आला म्हणून त्यांनी वळून बघितलं. त्यांची बायको खिडकीतल्या जबड्यांपाशी उभी होती, तोंडावर हात ठेवलेला, आणि खांदे हलत होते.

"काय झालं?"

"काही नाही," बायको म्हणाली. "तुमचं चालू द्या."

"घाई कुणाला आहे?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मला नाही, होडीला नाही."

पाचव्या खेपेला मास्तर घाईत होते. ट्रेलरचा कोपरा कामाच्या खोलीच्या भिंतीवर आदळला. फार जोरात नाही, पण खिडकीतला एक वरचा जबडा उडी मारून खाली आला आणि बोळकांडीच्या मधोमध दोन तुकडे होऊन पडला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"हा एका वक्त्याचा होता," बाई म्हणाल्या. "परवा भाषण आहे त्यांचं."

"तेवढे दोन दिवस तरी गावाला आराम," यजमान पुटपुटले.

मास्तर खाली उतरले. गुडघे थरथरत होते. मोटारीत बसून आपले गुडघे थरथरतात हे त्यांना नवीन होतं. थरथरणारे गुडघे ते शेजारून बघत आले होते. "बाई," ते म्हणाले, "मला कळत नाहीये. मी या गाडीचा एकेक स्क्रू ओळखतो. पण ती होडी मागे लागल्यापासून ही गाडी मला ओळखत नाही. साडू रविवारी येणार आहेत. कुत्रं आणणार आहेत. निदान एकदा दाखवा तरी कसं करायचं ते."

"सरका," बाई म्हणाल्या.

त्या स्टिअरिंगमागे बसल्या. मास्तर वळसा घालून शेजारी बसले. ती सीट अंगाला लागली तसं त्यांना बरं वाटलं. पाय आपोआप दुसऱ्या ब्रेकवर गेला. त्यांनी सवयीने मान थोडी वळवून चालकाकडे पाहिलं, आणि ते पाहतच राहिले.

मास्तर माणसं समोरून ओळखत नसत. रस्त्यात कुणी "ओळखलं का मास्तर?" म्हणत समोर उभं राहिलं की त्यांची तारांबळ उडे. सव्वीस वर्षं त्यांनी माणसं शेजारून पाहिली होती. एक कान, अर्धं नाक, घामेजलेली कानशिलं. आता समोर जो कान होता तो ते शंभर कानांत ओळखू शकले असते. कानामागे पेन्सिल खोवलेली होती, आणि पेन्सिलीच्या शेपटाला दातांचे ठसे होते.

"पेन्सिल!" मास्तर म्हणाले.

"आलं लक्षात?" बाई समोर बघत म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. तेव्हा तुम्ही मला ताईसुद्धा म्हणत नव्हतात. पेन्सिल, क्लच. पेन्सिल, आरसा."

"तुम्ही... मध्येच सोडलंत."

"मी नाही सोडलं. एकवीस दिवसांचा कोर्स होता. चौदाव्या दिवशी दवाखान्यापाशी गाडी मागे घेऊन दोन गाड्यांमध्ये लावायची होती. येत होती माझी गाडी बरोबर. तुम्ही ब्रेक दाबलात. गाडी आचका देऊन बंद पडली. दवाखान्याच्या रांगेतली माणसं हसली. आणि तुम्ही म्हणालात..."

"मी नाही दाबला," मास्तर हळूच म्हणाले. "गाडीलाच तुमची भीती वाटली."

"आणि पुढचं?"

पुढचं मास्तरांना आठवत नव्हतं. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला ते आठवलं, कारण तिलाही ते एकदा सतराव्या मिनिटाला ऐकवण्यात आलं होतं. "मागच्या सीटवर जास्त शोभता तुम्ही," ती म्हणाली. तिचं हसू आता कुठे गेलं होतं कळत नव्हतं.

"मी दात बनवते, मास्तर," बाई म्हणाल्या. "कुठे दाब पडला ते मला समजतं. तेव्हाही समजलं होतं. पण तुम्ही इतकं तोंड सरळ ठेवून सांगितलंत, की घरी जाईपर्यंत मलाच वाटायला लागलं, दाबला नसेल. बरीच वर्षं वाटत होतं. मग यांनी ही होडी आणली. यांना मोटार येत नाही. पाण्यात हे आणि जमिनीवर मी, अशी वाटणी झाली. तेव्हा या अंगणात एकटीने शिकले. शेजारी कुणी नव्हतं, तर गाडीला एकदाही माझी भीती वाटली नाही."

मास्तरांना त्या दिवशीचं सगळं आठवत होतं असं नाही. रोज आठ-दहा माणसं, रोज तेच वाक्य. कुणाला ते कितव्या दिवशी म्हटलं याचा हिशोब कोण ठेवणार? आपण ते विनोद म्हणून म्हणत होतो ना? की नव्हतो? हे त्यांनी स्वतःला पहिल्यांदाच विचारलं, आणि उत्तर शोधायला लागले तेवढ्यात गाडी सुरू झाली.

बाईंनी हात स्टिअरिंगच्या वर नाही, तळाशी धरला. एकच हात. "हात जिकडे जाईल तिकडे होडी जाते. बाकी काही लक्षात ठेवायचं नाही." हात डावीकडे सरकला, होडी डावीकडे सरकली. टाकी जवळ आली. फारच जवळ आली. आणि गाडी आचका देऊन थांबली.

यजमानांनी शेंग फोडली, तिचा आवाज झाला.

"मी..." मास्तर म्हणाले.

"पाय," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी खाली बघितलं. पाय त्यांचाच होता. ते बघून त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. मग त्यांनी बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. पंचावन्न वर्षांचं ते शरीर त्या सीटवर मांडी घालून बसायला बनलेलं नव्हतं, पण बसलं.

बाईंनी होडी टाकीपासून वीतभर अंतरावरून फिरवली, बोळकांडीतून काढली, फाटकातून गल्लीत नेली, आणि मग, मास्तर टाळ्या वाजवणार तेवढ्यात, पुन्हा सगळी वरात सरळ आत आणून जागच्या जागी उभी केली.

"हे का?" मास्तरांनी विचारलं.

"कारण ही मी काढली. अट काय आहे?" त्या उतरल्या. "चौदा दिवस तुम्ही मला शिकवलंत. सात राहिले. ते सात माझ्याकडे आहेत. उद्यापासून सकाळी आठला या. तोवर मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन घेत नाही."

परतताना मास्तरांना आपण होडी विकत घेतली की शाळेत नाव घातलं ते नक्की कळत नव्हतं. मागचा गोळा रिकामाच चमकत होता. चौकात आल्यावर बायको मागून म्हणाली, "उद्या मीपण येणार."

"कशाला?"

"बघायला," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस तिने बघितलं. तिसऱ्या दिवशी मास्तर पाचव्यांदा टाकीला भेटून हताश होऊन उतरले, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "तुम्ही बसता का जरा?" अंगण खाजगी होतं, परवान्याचा प्रश्न नव्हता. तिने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तर काहीतरी म्हणणार होते, पण बाई त्यांच्या दातांकडे बघत होत्या, म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

मग जे घडलं त्याचा उलगडा मास्तरांना अजून झालेला नाही. बायकोने दहा वाजून दहा मिनिटं कधी धरलीच नव्हती. तिला हात तळाशी ठेवा म्हटलं, तिने ठेवला. होडी जिकडे न्यायची तिकडे हात नेला, होडी गेली. मास्तरांना आधी सव्वीस वर्षं विसरायची होती, आणि ती सात दिवसांत विसरणं कठीण. तिला विसरण्यासारखं काही नव्हतं, सतरा मिनिटं सोडली तर, आणि ती तिने विसरायची नाहीत असं ठरवलेलं असावं. पाचव्या दिवशी तिने टाकी ओलांडली. मास्तर शेजारी मांडी घालून बसत. मांडी घालायची त्यांना आता बरी सवय झाली होती. स्वतःच्या पाळीला त्यांनीही सहाव्या दिवशी एकदा फाटक गाठलं, पण फाटकासकट गाठलं.

सातव्या दिवशी शनिवारी, यजमान, वीस-बावीस जबडे (त्यात वक्त्याचा नवीन) आणि मास्तर यांच्या साक्षीने, बायकोने होडी बोळकांडीतून काढून गल्लीत सरळ उभी केली. कुठे ओरखडा नाही. एकाच दमात.

"झालं की," ती म्हणाली, आणि तिचेच डोळे एकदम भरून आले. ते का, हेही तिला कळलं नसावं, कारण ती लगेच वैतागून म्हणाली, "डोळ्यात प्लास्टर गेलं."

बाई पावतीचं पुस्तक घेऊन बाहेर आल्या. मास्तरांनी खिशातून पैशांचं पाकीट काढलं. बाईंनी ते घेतलं, मोजलं नाही, आणि पावतीवर नाव लिहिलं ते बायकोचं.

"पण..." मास्तर म्हणाले.

"अट काय आहे?" बाई म्हणाल्या.

यजमानांनी शिडाची वळकटी होडीत ठेवली, सुकाणूचा दांडा बायकोच्या हातात दिला, आणि मुलीला सासरी पाठवताना सांगावं तसं बऱ्याच बारीकसारीक गोष्टी सांगत राहिले. बाई कामाच्या खोलीकडे निघाल्या. दारापाशी थांबून त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, चावली आणि परत खोवली.

"मास्तर, तुमचा एक दिवस अजून शिल्लक आहे असं धरा," त्या म्हणाल्या. "फाटकाचा."

रस्त्यावर गाडी मास्तरांनाच चालवायची होती, कारण परवाना त्यांच्याकडे होता. मागच्या सीटवर डोलकाठीच्या दोऱ्या, वल्ही आणि ठिगळाचं जादा कापड यांची गर्दी झाली होती, तेव्हा बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदा चालकाच्या शेजारच्या सीटवर बसली. मास्तरांचा हात टपावरच्या तांबड्या पाटीकडे गेला. मग त्यांनी ती राहू दिली.

ते निघाले. मागे होडी डुलत येत होती. मागून येणारी माणसं भोंगे वाजवत होती, पुढे जाताना वळून पाटी वाचत होती, मग होडी बघत होती, आणि त्यांच्या तोंडावर जो गोंधळ उमटत होता तो मास्तरांना ओळखीचा होता. उद्या साडू येतील. विचारतील, कुणाची होडी? काय सांगायचं? मास्तर त्याचा विचार करत होते. दवाखान्याचा उतार आला. गाडी उताराला लागली, आणि खाली वळणाआधी तिचा वेग आपोआप कमी झाला.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता.

त्यांनी शेजारी पाहिलं. एक कान, अर्धं नाक. बायको सुकाणूचा दांडा मांडीवर आडवा धरून, तोंड अगदी सरळ ठेवून, समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"मी नाही दाबला," ती म्हणाली. "गाडीलाच तुमची भीती वाटली."